अंगठ्याचं सूत

साखर पेठेत, आमच्या बोळात,
पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री तीनच्या सुमारास,
आणि मला ऐकू येत नाही.

एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात
चार लूम सांभाळले.
जन्मभर पुरेल एवढा खडखडाट
मी आधीच ऐकून घेतलाय.
डॉक्टर म्हणाले, कानातले बारीक केस झिजले.
मी म्हटलं, डोक्यावरचेपण.
ते हसले असावेत. खांदे हलले.

पाणी यायच्या आधी नळ म्हणे खाकरतो,
हवा सोडतो, शिट्टी मारतो.
त्यानं सगळा बोळ उठतो.
मी उठायचो उजाडल्यावर:
कोरडी घागर, आणि दारापुढची फरशी ओली,
दुसऱ्यांच्या पाण्यानं.

मग शेजारच्या नरसव्वा येमूलनं युक्ती काढली.
रोज हजार विड्या वळते ती,
प्रत्येकीला दोऱ्याचे वेढे.
तिला काय बांधायचं शिकवणार?
घरात तेलुगू. माझ्यापुरतं मराठी
ओठांवर सावकाश ठेवते,
म्हाताऱ्याला भाकरी कुस्करून द्यावी तसं.

वीस नंबरी सूत, आठपदरी, मीच पिळलेलं.
एक टोक माझ्या पायाच्या अंगठ्याला.
खिडकीच्या गजातून, भिंतीवरून,
लिंबाच्या फांदीला वळसा घालून
दुसरं तिच्या खाटेला.
दोन हिसके: ऊठ.
तीन हिसके: ऊठ बे, त्या सिद्रामप्पानं मोटार लावली!

पोरं हसली.
एकसष्ट वर्षांचा ज्योतीराम
म्हशीसारखा दाव्याला झोपतो.
हसू देत. झोप अशी
लग्नानंतरसुद्धा लागली नव्हती.
लूमवर उभ्या जन्मात तुटलेले धागे सांधले
आणि समजत राहिलो
की पोट मी एकटा भरतोय.

चैत्रात तिच्या लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या.
नरसव्वा संध्याकाळच्या गाडीनं भिवंडीला गेली.
दाराला कुलूप बघितलं आणि
(लाज वाटते सांगायला)
मनात पहिल्यांदा लेक आली नाही, बाळ आलं नाही,
माझी घागर आली.

चव्वेचाळीस अंशांचा दिवस, आणि त्याच रात्री पाळी.
जागायचं ठरवलं. नळापुढं खुर्ची टाकली.
सवयीनं सूत अंगठ्याला होतंच.
डोळा कधी लागला, कळलं नाही.

हिसका.
मला वाटलं, मांजर.
परत हिसका.
नळाला हात लावला तर थरथरत होता.

घागर, हंडा, पिंप, बादली,
चहाचं पातेलं, तांब्या.
नरसव्वाच्या ओट्यावरचा रांजणसुद्धा भरला.
धार त्या रात्री जाड होती,
इतक्या वर्षांत बघितली नव्हती इतकी जाड.

उजाडल्यावर सुताच्या मागं निघालो.
ते तिच्या खाटेशी थांबलं नव्हतं.
तिथं विडीच्या दोऱ्यानं बारीक गाठ मारून
नवं सूत जोडलेलं,
कुलपाच्या कडेनं, पन्हाळीखालून,
थेट सिद्रामप्पाच्या जिन्याला.

सिद्रामप्पा हळकुडे. मोटारवाला.
ज्याच्या नावानं मी महापालिकेत दोन अर्ज दिले,
एकावर सही करून, एक निनावी.
पायरीवर बसून कडक भाकरी चहात बुडवत होता.
मोटार कोपऱ्यात. वर पोतं. कोरडं.

तो काहीतरी बोलला.
मिशी एवढी दाट की ओठ वाचता येईनात.
अर्जांचं असेल, बाळाचं असेल,
'चहा घे' असंही असेल.
मी तिसरं धरून बसलो.

आभार किती मोठ्यानं मानायचे
हे मला ऐकू येत नाही.
मानले.
लिंबावरची सगळी कबुतरं उडाली,
म्हणजे पोचले असावेत.