खरं

कणकुंबीच्या शेवटच्या गाडीला
भरमाण्णा पाखरे कंडक्टर असायचा.
जांबोटी सुटली की तिकिटं संपायची
आणि गोष्ट सुरू व्हायची,
भीमगडाच्या चोरवाटेची:
तीन माणसं वर गेली,
खाली उतरली ती चार.

चौथा कोण, विचारेपर्यंत
माझं वळण यायचं.
घंटीची दोरी ओढत तो म्हणायचा,
"उतर की. उद्या हाईच की गाडी."
रात्रभर मी चौघांना मोजत पडायचे.

आता मी लिहिते. हे अकरावं पुस्तक,
खानापुरात, कौलांच्या भट्टीमागच्या खोलीत.
गुहा दाखवत नाही मी अजून.
कातरवेळी वटवाघळं कुठल्या झाडीतून सुटतात,
तेवढंच.
मैलाच्या दगडाला डांबर फासलेलं,
माझा नायक नखानं खरवडतो,
निघते अर्धी वेलांटी. गाव निघत नाही.
(नावं पुसणारे इथं पुष्कळ झाले;
एवढ्यापुरते ते माझ्या कामाचे.)

पुण्याचे संपादक सज्जन आहेत.
मी लिहिलं: दार आतून बंद होतं, खरं
त्यांनी केलं: दार आतून बंद होतं, पण
फोनवर सांगितलं,
आमच्याकडं पण-ला खरं म्हणतात.
"वाचक गोंधळेल हो."
गोंधळू दे की!
पण आलं की वळण लांबूनच दिसतं,
माणूस कठडा धरून बसतो.
खरं आलं की वाटतं
आता ही बाई खरं सांगणार,
तो पुढं वाकतो,
आणि तेवढ्यात गाडी वळते.

ऐकलं नाही त्यांनी. सत्तावीस ठिकाणी पण.

परवा भरमाण्णाला शोधत गेले.
मोतीबिंदू झालाय, आवाज तोच.
पोराला कन्नडात चहा सांगितला,
मला मराठीत बस म्हणाला.
विचारलं, चौथा कोण होता?
बशीतला चहा संपवला त्यानं. सावकाश.
मग बशी पालथी घातली.

"मला तरी काय म्हाईत?
गोष्ट आमच्या आज्ज्याची.
खरं
तुझ्या वळणावर रोज दोघं उतरायचीत.
तिकीट मी एकच फाडायचो."

त्या वळणावर घर एकच होतं.
आमचं.