आभाराचं पान

अकरा वर्षं मी चिलुंबाच्या काठावर
गोगलगायी मोजते.
लांब दांड्याची चाळणी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
डाव्याला भोक.

या काठावरून चार जण डॉक्टर होऊन गेले.
पहिल्याला सुकत घातलेल्या उसिपाच्या वासानं मळमळायचं.
दुसरीनं आमची भाषा शिकायला घेतली,
'पाणी' आणि 'थांबा' एवढ्यावर राहिली.
बाकीचे दोघे बरे होते, चहा स्वतः करायचे.

चौघांच्याही प्रबंधात मागे, आभाराच्या पानावर, मी आहे:
एकदा ताबोंगा, एकदा तावांगो,
एकदा नुसतीच 'स्थानिक सहकारी',
आणि एकदा चक्क मिस्टर.
तावोंगा म्हणजे आमच्यात 'आम्ही आभारी आहोत'.
हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

आता जाहिरात आली आहे.
सार्वजनिक आरोग्य, पीएचडी, जागा दोन,
चार वर्षं फी माफ, दरमहा विद्यावेतन,
जाण्यायेण्याचं एकेक तिकीट. वयाची अट नाही.
ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.
धाकटी म्हणाली, आई, वाचतेस की मोजतेस?

'प्रेरणा सांगा. मर्यादा तीनशे शब्द.'

मी लिहिलं:
न्यिरेंडांचा पोरगा शाळेमागच्या भिंतीवर
लाल लघवीची धार मित्रांना दाखवायचा,
मोठा झालो म्हणून.
मी त्याला उंचीच्या काठीला टेकवून उभा केला,
काठीनं सांगितल्या तेवढ्या गोळ्या दिल्या.
पुढच्या वर्षी तो पुन्हा काठीपाशी,
दोन बोटं उंच,
आणि धार तशीच.
गोळी पोराला देता येते,
तळ्याला कशी द्यायची?

दोनशे सत्त्याण्णव झाले.
उरलेल्या तिनांत लिहिलं:
पाणी कुठून आणायचं.
प्रश्नचिन्ह शब्दात धरतात का, माहीत नव्हतं, म्हणून दिलं नाही.

मुलाखत दवाखान्यातल्या संगणकावर झाली.
मध्ये वीज गेली, आली. पडद्यावर तीन चेहरे,
एकाच्या मागे बर्फ पडत होता.
त्यानंच विचारलं,
तुम्ही इकडे असताना नमुने कोण गोळा करणार?

या प्रश्नाच्या त्या टोकाला मी अकरा वर्षं उभी होते,
ओल्या पायांनी.

म्हटलं, लुसुंगु न्यिरेंडा. तोच पोरगा. आता एकोणीस वर्षांचा आहे.
लु, सुं, गु. लिहून घ्या.
त्याचा पगार अंदाजपत्रकात चौथ्या ओळीत आहे,
बूट पाचव्या.
लेखात त्याचं नाव माझ्या शेजारी येईल, मागच्या पानावर नाही.

ते काहीतरी टिपत होते. काय ते दिसलं नाही.

पत्र आलं सहा आठवड्यांनी.
'कळवण्यास आनंद होतो', खाली दोन सह्या,
वर: प्रिय ताओंगे.

नवरा हसून हसून खोकायला लागला.
मी आधी चाळणी धुतली, उन्हात उलटी ठेवली,
मग उत्तर लिहायला बसले:
येते आहे.
नावात दुरुस्ती करावी, स्पेलिंग सोबत जोडलं आहे.
अर्थ विचारलात
तर तिथे आल्यावर सांगेन.