चार खण

भवानी पेठेत, लाकूडबाजाराच्या मागच्या अंगाला,
सदोबा पांचाळांच्या पत्र्याच्या शेडमध्ये
मी दोन वर्षं नुसता सरस उकळला.
मग पॉलिश पेपर, मग रंधा.
पटाशी हातात आली तोवर मिसरूड जुनं झालं होतं.

शिसवी मेज आलं रास्ता पेठेतून, हातगाडीवर,
मागोमाग छत्री टेकत एस्तरबाई आवासकर.
"ह्यांचं होतं. लष्कराच्या हिशेब कचेरीत होते हे.
एक खण अडतो, तेवढा नीट करा,"
आणि मग, रस्त्याकडे बघत,
"आणखी काही असलंच आत, तर बघा."

सदोबांनी हात नाही लावला, आधी पट्टी लावली.
बाहेरून खोली अठरा इंच.
तीन खण साडेसतरा. चौथा तेरा.
"लाकूड खोटं बोलतं, पोरा. पॉलिश तर बोलतंच.
पट्टीला विचार."

साडेचार इंच कुठेतरी होते.
मी ठोकून बघायला गेलो, तर बोटांवर गुण्या बसला.
"दार वाजवतोस? घर कुणाचं ते ठाऊक आहे?"

चौथा खण पुरता बाहेर काढायचा.
डाव्या पट्टीखाली नखापुरती फट,
तिच्यात पोलादी कमान, घड्याळातल्यासारखी.
ती दाबून धरायची, आणि त्याच वेळी
उजवा खांब, जो निव्वळ शोभेचा वाटतो,
पाव इंच वर.
दोन्ही हात लागतात.
एका हातात कंदील धरलेल्या माणसाला
हे उघडता येत नाही.
करणाऱ्यानं एवढा विचार केला होता,
नाव मात्र कुठे घातलं नव्हतं.

पोकळीत आरसा धरून सदोबांनी सांधे दाखवले,
पारव्याच्या शेपटीसारखे कातलेले,
मधून केस जाणार नाही असे.
दर्शनी बाजूचे साधेच होते.

टक् झालं.
सदोबांनी तिथेच हात काढून घेतला.
"कप्पा सापडला की सुतारानं मान वळवायची.
आपलं काम टकपर्यंत."

सोमवारी बाई आल्या.
सदोबांनी त्यांना बोटांची जागा हवेतच दाखवली,
दोनदा, आणि मला म्हणाले, चल, चहाला.
चहा निवला. दुसरा सांगितला.
बाई बाहेर आल्या तेव्हा पर्स बंद होती,
डोळे कोरडे होते की नाही, मी बघितलं नाही,
मान वळवायची म्हणून.
"आता अडत नाही," एवढंच म्हणाल्या.

सदोबा गेले. शेडच्या जागी दुचाक्या लागतात.
मी बाणेरला मॉड्युलर किचनं बसवतो.
लोक मागतात चोरकप्पा, पासपोर्टसाठी, सोन्यासाठी;
चुंबकाचा बसवून देतो.
एका हातानं उघडतो.

गेल्या बुधवारी जुन्या बाजारात,
गंजलेले नळ आणि ग्रामोफोनचे कर्णे ह्यांच्यामध्ये,
ताडपत्रीवर तेच मेज.
पायाला मी बसवलेलं ठिगळ, रेषा उलट्या लागलेलं,
ज्याच्यापायी दिवसभर शिव्या खाल्ल्या होत्या.
विकणारा फोनवर होता.
नख आपोआप गेलं. खांब वर.
टक्.
आणि ह्या खेपेला मी मान वळवली नाही.

आत काही नव्हतं.
सरकपट्टीवर मेणबत्तीचं मेण घासलेलं,
कोपऱ्यात पॉलिश पेपरचा चतकोर, घडी घालून दाबलेला,
खडखडू नये म्हणून,
वर पेन्सिलीनं सदोबांचा आकडा: ४॥

म्हणजे म्हातारा आत गेला होता.
सोमवारच्या आधी, मी घरी गेल्यावर,
शेडचं दार ओढून घेऊन.
दोन्ही हात गुंतलेले, मग दिवा कुठे ठेवला असेल?
काय पाहिलं, काय जागच्या जागी ठेवलं,
की काय ठेवलं नाही.
बाईंना त्या दिवशी नेमकं काय मिळालं.

कप्पा मिटवला. मेणामुळे आवाजही झाला नाही.

"घ्यायचं का, शेठ? अस्सल शिसव आहे.
चार खण आहेत."
मी वाकून मोजल्यासारखं केलं.
"हो," म्हटलं, "चार."