बर्चची साखर

दुपारचे चार. अंधार पडून दोन तास झालेले.
फोनवर तौनो. आधी हवामान सांगितलं:
उणे एकवीस, वारा नाही.
मग थांबला.
मग म्हणाला, हाल्ला झोकांड्या खातेय.
कुत्री पिऊन आली असावी
आणि लाज त्याला वाटत असावी, असा आवाज.

काय खाल्लं तिनं?
काही नाही.

वीस वर्षं ऐकतेय मी हे काही नाही.
काही नाही म्हणजे नाताळच्या केकमधले मनुके.
काही नाही म्हणजे कांदा वेचून बटाट्यावर ओतलेला रस्सा,
जसा काही कांदा गेला की रस्सा त्याला विसरतो.
काही नाही म्हणजे पलंगाखाली सापडलेला
काळ्या चॉकलेटचा नुसता कागद,
नीट चाटलेला.

तौनो, मी रागावणार नाही. काय खाल्लं?

मागे कुणीतरी लहान रडत होतं.

पिल्वी, चार वर्षांची. पाळणाघरात शिकलेली,
जेवण झालं की प्रत्येकानं एक गोळी घ्यायची,
म्हणजे दात किडत नाहीत.
हाल्लाचं जेवण झालं होतं.
हाल्लाला दात पुष्कळ.
म्हणून एक, आणि अजून एक, आणि डबी.

डबी आणा. मागचं बारीक अक्षर वाचा.
चष्मा लावा, तौनो.
झायलिटॉल, त्यानं वाचलं, एकेक अक्षर सोडवत,
आयुष्यभर तोंडात ठेवलेला शब्द
पहिल्यांदाच बघितल्यासारखा.

बर्चची साखर म्हणायची माझी आई.
आपल्या रक्ताला ती साखर वाटतच नाही.
कुत्र्याच्या रक्ताला वाटते,
आणि खरी साखर सगळी आवरून ठेवतं ते,
पाहुणा आला समजून घर रिकामं करावं तसं.

किती गेल्या? तीस-एक.
वजन? सतरा किलो, शरदात कांट्यावर घातली होती.
कधी? तासभर झाला असेल.
मग आता ऐका.
मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोट घालू नका,
ती लटपटतेय, उलटी छातीत जाईल.
शुद्धीवर आहे ना? मग मध. हिरड्यांना चोळा, थोडा थोडा,
गिळायला लावू नका.
डबी खिशात. कुत्री घोंगडीत. निघा.

एकशे दहा किलोमीटर, तो म्हणाला.
पंचावन्न, मी म्हणाले. मीही निघतेय.

बंद पेट्रोल पंपावर भेटलो आम्ही,
छपराखालचा एकच दिवा चालू.
सलाइनची पिशवी कोटाच्या आत, पोटाशी धरून आणली होती,
गोठू नये म्हणून.
गाडीच्या मागच्या सीटवर शीर शोधली,
दोनदा चुकले, तिसऱ्यांदा सापडली.
पिशवी कुठं टांगायची? तौनोनं हात वर केला
आणि तसाच उभा राहिला, दार उघडं,
पापण्यांवर पांढरं धरेपर्यंत.

पिल्वी पुढच्या सीटवर. बोटं मधानं चिकट.
माझ्यामुळे? तिनं विचारलं.
खोटं बोलता आलं असतं.
तू दिलीस, मी म्हणाले, पण तुला कुणी सांगितलं नव्हतं.
आजोबांना पण नव्हतं.
आता तिघांना माहीत आहे.

बऱ्याच वेळानं हाल्लानं मान उचलली
आणि ती चिकट बोटं चाटली.

मी अजून काही कबूल करत नाही.
दवाखान्यात नेतेय, दर तासाला साखर बघणार,
यकृत तीन दिवस तरी कळू देत नाही.
तौनोला सांगितलं तसं. त्यानं मान हलवली,
आणि पुन्हा हवामानाबद्दल काहीतरी म्हणाला.

परतीच्या रस्त्यावर रेनडिअर आडवे आले, गाडी थांबवली.
सवयीनं कोटाच्या खिशात हात गेला,
कॉफीनंतरची माझी एक गोळी.
मागे ती झोपलेली, श्वासानं काच धुरकट करत.

खिशाची चेन लावली मी.
मग तो कोट काढून
डिकीत टाकला, कुलूप लावलं,
आणि उरलेला रस्ता
नुसत्या स्वेटरवर, कुडकुडत.