चुन्याची रेघ

सामन्याच्या दिवशी पहाटे पाचला
सेनाद मैदानात एकटा असतो.
दोरी ताणतो, गुडघ्यावर बसतो, एक डोळा मिटतो,
मग गाडी ढकलत निघतो.
आता चुना नसतो, डब्यातला पांढरा रंग असतो.
तो मात्र चुनाच म्हणतो, बोस्नियन भाषेतला,
आणि मला सांगतो,
रेघ वाकडी गेली तर ती आखणाऱ्याला कळत नाही,
वरच्या पायरीवर बसलेल्याला कळते.
सव्वीस वर्षं झाली.
वरच्या पायरीवर तो अजून बसलेला नाही.

मी चार नंबरच्या फाटकावर तिकिटं फाडतो.
माझ्या तोंडासमोर पश्चिम, पाठीला पूर्व.

पश्चिमेला लाल विटांची घरं,
जर्मन गवंड्यांनी बियरच्या कारखान्यातल्या
मजुरांसाठी बांधलेली,
गटाच्या फोटोला उभी राहिल्यासारखी
खांद्याला खांदा लावून.
प्रत्येक दारावर पितळी पाटी: ऐतिहासिक.
खिडकीची चौकट रंगवायची तर समितीला विचारा,
समिती महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बसते.
मजूर आता कुणी राहत नाही तिथे.

पूर्वेला पाटी नाही.
पाटी ठोकायला भिंत हवी.
तिकडे गाड्या लावतात. अकराशे गाड्या.

एकच घर आहे, रस्ता तिथे वळला म्हणून वाचलेलं.
त्यात ओडेसा ग्रँडबेरी राहते, वय एक्क्याऐंशी.
तिच्या ओसरीत जुना बाथटब,
त्यात कुंपण ओलांडून आलेले चेंडू,
काही फुगलेले, काही बसके.
परत मिळतो, पण फेकून नाही.
ज्याला हवा त्याने यायचं, पाच मिनिटं बसायचं.
मुलं येत नाहीत. कॉलेज नवा चेंडू देतं.

ब्रिन हॅल्वर्सन गेली.
मिनेसोटाच्या दूधवाल्यांची पोर, मुलींच्या संघाची गोलकीपर,
बूट हातात, मोजे चिखलाने जड.
चेंडू टोमॅटोच्या वाफ्यात पडला होता,
त्याबद्दल आधी माफी मागून झाली.

'तू उभी कुठे राहतेस?'
'उत्तरेच्या गोलात.'
'म्हणजे माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात.'

मग पाच मिनिटांची वीस झाली.
पेनल्टीच्या ठिपक्यापाशी पियानो होता,
दारातून निघेना, मावशीने तिथेच सोडला.
शहराचा माणूस कागद घेऊन आला होता,
टोपी काढून बोलला, नवी घरं देऊ म्हणाला,
मग दुसरा आला, त्याने टोपीही काढली नाही.
'चुना लावला आम्हाला,' ओडेसा म्हणाली,
आणि स्वतःच हसली,
कारण समोर, जाळीपलीकडे,
सेनाद खरोखरच चुना लावत होता.

संध्याकाळी दिवे लागले.
पंचाहत्तराव्या मिनिटाला पेनल्टी.
(इथे काही घडेल असं मलाही वाटलं होतं.)
ब्रिन उजवीकडे झेपावली, चेंडू डावीकडून गेला.
इतकंच.
फक्त ती उठायला जरा वेळ लावत होती,
गाल गवताला टेकलेला.
पंचांनी शिटी वाजवली,
सेनाद पाण्याची बाटली घेऊन धावला,
तिने मान हलवली, लागलं नाही म्हणाली.
आम्ही एक-शून्य हरलो.
दिवे साडेदहाला गेले,
तोवर ओडेसाच्या पडद्यांवर दिवस होता.

त्यानंतरच्या शनिवारी मी पाहिलं:
गोलात शिरण्याआधी ब्रिन थांबते,
बुटांचे तळ गवतावर घासते,
आधी डावा, मग उजवा,
परक्या घरी पायपुसण्यावर घासतात तसे.
दर सामन्याला. दोन्ही डावांत नाही,
उत्तरेचा गोल असेल तेव्हाच.

सेनाद वैतागतो.
तेवढ्या जागी, म्हणतो,
रेघ पुसली जाते.