सूत

कोव्हेंट्रीत एकतीस वर्षं लेथवर काढली.
सूत म्हणजे काय, ते मला विचारा.
एक सूत इकडेतिकडे, की जॉब भंगारात.
म्हणून बेथन म्हणाली, "मिस्टर आठल्ये, आता हलू नका हं,"
तेव्हा हसू आलं.
पोरी, हेच मी लोखंडाला सांगत आलो.

आधी सोन्याचे तीन दाणे, तांदळाच्या कणीएवढे,
सुईने आत पेरले,
मशीनला खूण पटावी म्हणून.
कुमुद म्हणाली, "त्रेपन्न वर्षांत मला एक पाटली नाही,
आणि ह्यांना, जाऊ दे, नको तिथे सोनं."
मग कमरेवर ठिपके. निळसर, कायमचे.
आईच्या हनुवटीवर गोंदण होतं.
तिला कुणी विचारलं नव्हतं.
मला विचारलं. सही घेतली, दोन प्रतींत.

शेजारच्या क्लाइव्हला सदतीस दिवस लागले होते.
मला पाच. एक दिवसाआड.
"पाचात भागतं?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं,
भाव फारच उतरला की माणूस
माल उलटापालटा करून बघतो, तसं.
"घास मोठा," त्या म्हणाल्या, "पण नेमका."

वर्षभर रात्री चारदा उठत होतो,
आणि इथे सांगतात, तीन पेले पाणी प्या
आणि धरून ठेवा.
बाकावर आम्ही चार म्हातारे, मांड्या आवळून.
कॉफीच्या मशीनमधून कपात धार पडली
की चौघांचेही डोळे मिटतात.

आत काही दिसत नाही. भाजत नाही.
मशीनचा हात भोवती फिरतो, सावकाश,
कामाची घाई नसलेल्या कारागिरासारखा.
छतावर काचेमागे चेरीचा फुलोरा,
एका पाकळीवर मेलेली माशी.

तिसऱ्या दिवशी मध्येच थांबलं.
पोटात वारा धरला होता, जागा सरकली होती.
"चार मिलिमीटर," बेथन स्पीकरवर म्हणाली.
म्हणजे एक सूत, वर थोडं.
उठवलं, चालायला लावलं, पुन्हा निजवलं.
आमच्या फोरमनने फेकून दिला असता.

पाचव्या दिवशी विचारलं, दाणे कधी काढायचे?
"ते राहतात," बेथन म्हणाली.

बसमध्ये कुमुद बराच वेळ गप्प.
रिंग रोडला लागल्यावर म्हणाली,
"राख देणाऱ्यांना सांगून ठेवायला हवं."
"काय?"
"चाळून द्या म्हणावं."
दोघंही इतकं हसलो
की मला पुढच्याच स्टॉपला
घाईघाईने उतरावं लागलं.