पाणी: लवू कुबल

कैतान सोज म्हणाला, ह्या भिंती बघ.
आत हातभर भाताचा तूस, वर पत्रा, पत्र्यावर डांबर.
आवाज इथे जातो तो परत येत नाही.
मला असंच हवं.

मी म्हटलं, कॉम्प्रेसर चाळीस मिनिटं बंद ठेवीन.
वर एक मिनिट नाही.
पहाटे ट्रॉलर लागतात,
सुरमई कोणासाठी थांबत नाही.

तर वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
चार रात्री, चाळीस-चाळीस मिनिटांनी
त्याचा अल्बम झाला.

लाद्यांवर गोणपाट, गोणपाटावर माइक.
पणजीहून आलेली रेकॉर्डिंगवाली पोरगी दोन स्वेटरांत,
ड्रमवाल्याने हातमोज्यांची बोटं कापलेली.
कैतान मात्र बनियनवर.
जहाजांवर तीस वर्षं वाजवलं म्हणे,
लोक जेवत असायचे.
रीड तोंडात धरून बसायचा,
थर्मामीटर धरावा तशी.
कवळी नवी होती. पहिल्या रात्री सूर तिच्यातून निसटायचा
बिळातून कुर्ली निघते तसा, आडवा.
तो हसायचा नाही. पुन्हा घ्यायचा.

मला त्यातलं काय कळतं?
मला मशीन कळतं. बेअरिंग जायच्या आधी
कुठल्या पट्टीत रडतं, ते कळतं.
तिसऱ्या रात्री सॅक्सोफोनने नेमका तोच स्वर धरला,
खालचा, घोगरा,
आणि माझा हात ग्रीसच्या डब्याकडे गेला.
त्याने बघितलं.
वाजवता वाजवता एक भुवई उडवली.

चौथ्या रात्री चाळीस झाली.
पंचेचाळीस.
बाहेर हॉर्न, कोणीतरी माझ्या आईचा उद्धार करतोय.
मी स्विचवर हात ठेवून उभा.
लाद्या घामेजल्या, पन्हळीत पाणी ठिबकायला लागलं.
पोरीने डोळ्यांनी विचारलं, थांबवू?
कैतानने डोळे मिटले
आणि त्या ठिबकण्याच्या मागून निघाला,
पुळणीवर नातवाच्या मागून आजा चालतो तसा,
घाई नाही, एक हात पुढे.

बावन्न मिनिटं.
अकरा लाद्या वजनात कमी भरल्या. पैसे माझ्या पगारातून.

गणपतीनंतर पाकीट आलं.
पाठीमागे बारीक अक्षरांत नावं.
बास, ड्रम, ध्वनिमुद्रण.
सगळ्यात खाली, पाणी: लवू कुबल.

बायको म्हणाली, "ह्या काय ओ? तुमी कधी वाजवलात?"
मी शेवटचं लावलं.
आधी ठिबक. बराच वेळ नुसती ठिबक.
मग तो.
आणि खूप मागे, दाराच्या पलीकडे, ती शिवी.
मला वाटलं, हिला ऐकू जाणार नाही.

तिने भांडी घासायची थांबवली.
"हो आमचो बाबलो," म्हणाली.